भेग मिटेना

दिव्यानी रोशनसमोर पहिल्यांदा उभी राहिली ती दोन्ही हात आडवे करून, थेट त्याच्या एसटीच्या पुढ्यात.

“थांबवा, भाऊ! पुलावर जाऊ नका!”

मार्कंड्याच्या शिवमंदिराच्या वाटेवरच्या त्या जुन्या पुलाला भेग होती. तुळईवर बसवलेली पांढरी पेटी ती भेग क्षणोक्षणी मोजून दिव्यानीच्या टॅबवर आकडा पाठवीत असे, आणि त्या सकाळी आकडा एकाएकी उसळला होता. पुलाखाली उतरून पाहते तो काय — पेटीला कुंकू, फुले, आणि पुढ्यात फुटलेला नारळ! मार्कंड्याला निघालेल्या बायांनी नवा देव समजून तो पेटीवरच फोडला होता. सारी एसटी खदखदून हसली. भद्रावतीची ती तरुण अभियंता लाजेने अर्धी झाली.

“देवाले घाबरल्या का मॅडम?” ड्रायव्हरच्या खिडकीतून रोशनने विचारले. “आनि मले भाऊ नोका म्हनू. गावात बहिनी लय आहेत माह्या!”

तेव्हापासून पुलाशी त्याची एसटी रोज हळू होई.

“आज देव काय म्हन्ते?”

“पुढे बघून चालवा म्हणतो.”

मोहाच्या फुलांच्या गोड वासासारखे ते बोलणे दिव्यानीभोवती दिवसभर रेंगाळे...

महाशिवरात्रीच्या जत्रेला मात्र तिचे हसू मावळले. गाडी पुलावर आली की भेग किंचित उघडावी, गाडी गेली की मिटावी, हा नियम. आज गाड्या जात होत्या आणि भेग मिटत नव्हती. पेटी स्वच्छ होती. तिने स्वतः पाहिली. तरी ती रस्ता अडवायला धजेना. पुन्हा चुकले तर? — आणि चुकले नसेल तर?

तेवढ्यात रोशनची भरलेली एसटी पुलाच्या मध्यावर पोचली.

“रोशन! थांब!” ती धावत सुटली.

“काऊन मॅडम, पुन्हा नारळ?”

“नाई... या वेळी खरंच. मले भीती वाटून राह्यली.”

रोशनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो हसला नाही.

“उतरा सगळे! मांगं चाला, धावू नोका!”

लेकरे काखेत घेऊन, कुरकुरत माणसे परत फिरली.

“तुम्हीही उतरा!” दिव्यानी ओरडली.

“गाडी इथीच ठेवली तं तिच्या वजनानं पूल बसन. तुमी आकडा पाहा, हात दाखवा. मी मांगं घेतो.”

तिने विरोध करेपर्यंत त्याने गाडी मागे घ्यायला सुरुवातही केली होती. दिव्यानी गाडीच्या मागे, काठावर येऊन उभी राहिली. आकडा चढला की तिचा तळवा उभा राही, एसटी थबके. आकडा थांबला की बोटे हलत, एसटी सरके. आरशात तो फक्त तिचा हात पाहत होता, आणि ती फक्त आकडा.

मागची चाके मातीला लागली, मग पुढची. त्याच क्षणी तुळईखालून काँक्रीटचा मोठा तुकडा सुटून धाडकन पात्रात आदळला. कोणीच हसले नाही.

दिव्यानीने पूल बंद केल्याचे वरिष्ठांना फोनवर कळवले. रोशन खाली उतरला, चावी मुठीत घट्ट आवळून.

“घाबरलात?”

“पुलाले नाई. पन आता एसटी दुसऱ्या रस्त्यानं जाईन... मंग तुमची भेट कशी होईन?”

तीच भीती तिलाही वाटत होती.

“रविवारी बाबा घरी असतात,” ती हलकेच म्हणाली. “भद्रावतीला. या.”

“कोन म्हनून येऊ?”

“ते मी त्यांना आजच सांगते. तुम्ही फक्त या.”

तिने त्याची चावी धरलेली मूठ आपल्या हातात घेतली. एसटीतून उतरलेली माणसे पाहत होती... तरी सोडली नाही.