मीटरवर उरलेलं काम

“वजा करून टाका म्हटलं ना, ताई. उरलेला आकडा म्हणजे मशीनची चूक. वजा करा नि सही करा. सोमवारी रिपोर्ट जायलाच हवा.”

“चूक चहाला उठत नाही, सहदेव.”

दुपार कलली होती. शुक्रवार म्हणजे मानपाड्याकडचे कारखाने बंद, रस्त्यावर टेम्पो नाहीत, एरवी नाकात ठाण मांडून बसणारा केमिकलचा वासही विरलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एवढ्याशा ऑफिसात ही दोघंच. काचेपलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरच्या मशीनचे पंखे घरघरत होते. दर्शनाला बसल्या जागी धाप लागत होती. जिना चढताना डाव्या खांद्यात कळ येते, नौपाड्याच्या डॉक्टरांनी तपासणीला ताबडतोब बोलावलंय, हे तिने केव्हाच सांगितलं होतं. साहेब असूनही सहदेव वयाने धाकटा, आपल्या मऊ आवाजात म्हणाला होता, “रिपोर्ट होऊ द्या, मग जा.”

काम सांगायला सोपं. चाळीला बाहेर एक मोठा मीटर असतो आणि खोलीखोलीला आपला लहान. तसंच हे. एका खऱ्या मशीनच्या पोटात बरीच नुसती नावाची मशीन्स भाडेकरूंसारखी राहतात. व्हर्च्युअल म्हणतात त्यांना. प्रत्येकाला वाटतं, घर आपलं एकट्याचं. कुणी किती राबलं ते प्रोसेसरमधले काउंटर मोजतात. पाळी बदलली की एकाचा आकडा जपून ठेवायचा, दुसऱ्याचा लावायचा. त्यात हयगय झाली की शेजाऱ्याचं काम आपल्या नावावर चढतं. तसं चढत नाही, हे रिपोर्टात छातीठोक सांगायचं आणि खाली सही करायची, ती दर्शनाने.

म्हणून तिने सगळे भाडेकरू काढून एकच ठेवला. आता आतला मीटर नि बाहेरचा मीटर जुळायला हवे. फरक पडलाच तर भाडेकरूंची राखणदारी करणाऱ्या प्रोग्रॅमचा, चिमूटभर आणि कायम तेवढाच. पण हा उरलेला आकडा चढायचा, उतरायचा. तिने वायर काढून पाहिली, सगळं पुसून नव्याने घातलं, शेवटी अख्खं मशीन बदललं. नव्या मशीनवरही दुसऱ्या दिवशी तो हजर.

ऑफिस उघडलं की सुरू. जेवणाच्या सुट्टीत मंद. आणि दुपारी खालच्या टपरीवर चहा उकळायची वेळ झाली की एकदम खाली, जवळजवळ शून्य... मग पुन्हा चालू, आधीपेक्षा नेटाने. बाई काही भित्री नव्हती. पण पडद्यावरचा तो खड्डा पहिल्यांदा पाहिला तेव्हा घड्याळ पाहून ती खुर्चीसकट मागे सरकली. त्या वेळेला, न चुकता, एकच माणूस खुर्ची सरकवून उठायचा.

साईनाथ. हे काम आधी त्याचंच. आई अंथरुणाला खिळली म्हणून त्याला चिपळूणला जायचं होतं. सहदेवने त्यालाही तेच सांगितलं, रिपोर्ट होऊ दे, मग जा. गडी मान खाली घालून राबला, आणि गेल्या आषाढात एका दुपारी कीबोर्डवर डोकं टेकून तिथेच संपला. झोपलाय वाटून कुणी उठवलंसुद्धा नाही. चहाला उठला नाही, तेव्हा कळलं.

“तो रिपोर्ट पुरा करतोय रे,” दर्शना हळूच म्हणाली. “झाला की जाता येईल म्हणून. आणि तो राबतोय तोवर आकडे जुळत नाहीत... आकडे जुळत नाहीत तोवर रिपोर्ट होत नाही.”

सहदेव हसला, पण काचेकडे न बघता. तुम्ही दमलाय ताई, म्हणाला. साईनाथला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, असंही म्हणाला. ते म्हणताना त्याचा मऊ आवाज जरा चिरकला.

तेवढ्यात घरघर ओसरली. चहाची वेळ झाली होती. आज शुक्रवार, टपरीही बंद. तरी काचेपलीकडे कुणीतरी उठलं होतं. दोघांनी पडद्याकडे पाहिलं. उरलेला आकडा घसरत आला, घसरत आला... आणि अर्ध्यावर थांबला.

आज आकडा तळाला गेलाच नाही. आत अजून कुणीतरी चहा न घेता काम करत बसलं होतं. थोडं करी, थांबे. पुन्हा थोडं करी, पुन्हा थांबे. दमेकऱ्याने कठड्याला धरून जिना चढावा, तसं.

दर्शना चहा घेत नसे. पित्त होई तिला. सहदेवला ते ठाऊक होतं.

तो तिच्याकडे बघत राहिला, मग सवयीने त्याचे ओठ हलले. रिपोर्ट होऊ द्या... एवढंच बाहेर आलं. दर्शनाने खांदा दाबत पर्स उचलली, दारापाशी गेली, आणि मागे न वळता म्हणाली,

“मी चालले दवाखान्यात, तू आत जाऊन त्या दोघांना ‘जा’ म्हणून सांग.”