बंद दारामागची रिंग

किशोर, आत्ता संडासातून तूच बोलत होता न फोनवर? अख्ख्या मंगल कार्यालयाले ऐकू येऊन राहिलं होतं. बाजूच्या खोलीत नवरदेवाकडचे पावणे बसले होते बापा. त्यायनं खोकलावं तरी कसं? हासू नोको प्रणाली, तू बी फोन घेऊनच गेलती.

बसा इथी. लाईन येईपर्यंत काही काम नाही, जनरेटरवाला डिझेल आणाले गेला. तवरोक एक गोष्ट सांगतो. मंग फोन कुठी न्यायचा अन कुठी नाही, ते तुमचं तुमी ठरवा.

माह्यावर नाही घडली ही. गुलफामवर घडली. गुलफाम म्हणजे शिलाई मशिनीचा मिस्त्री. चाळीस वर्षं मी कपडे शिवले, माह्या दोन्ही मशिनी त्याच्याच हातच्या. खोटं बोलणारा माणूस नाही. मशीन सुधरण्यासारखी नसली तर तोंडावर सांगे, "महादेवमामू, इसको भंगार में दे दो." पण एक खोड होती. फोनवर लय बोले. गाडीवर बोले, जेवताना बोले, अन जिथी बोलू नये तिथी बी बोले.

सन दोन हजार नऊ. डिसेंबरची सतरा तारीख, गुरुवार. अवस आदल्या रोजीच सरली होती, आभाळात चांद नाही. ते वर्षं कशी होती हे तुमाले काय सांगू! विहिरीचं पाणी खोल गेलतं, अन वावरातली लाईन येई तर रातच्यालेच. सारं गाव दिवसा पेंगे अन रात्री बॅटऱ्या घेऊन वावरात जागे. झोप अशी कोणाले नव्हतीच.

तर त्या दिवशी गुलफाम अमरावतीहून तिवस्याले गेलता. त्याची बहीण फरजाना तिथी राहे, ब्लाऊज शिवे. तिची मशीन टाका सोडून राहिली होती. यानं दुपारपासून बसून ती सुधरवली. बहिणीनं आग्रह करकरून जेवू घातलं. रात्री साडेनऊले निघाला. मोटरसायकल, मागं अवजाराची पेटी बांधलेली. थंडी अशी का कान झोंबून राहिले होते.

पंधरा-वीस मिनिटं आला असन, त्याच्या पोटात कळ आली. जेवण जास्त झालतं न. पुढं एक फाटा आहे. नाव नाही सांगत, उगीच गावाले बोल नको. फाट्यावर एक चहाची टपरी, ती बंद. मागं सार्वजनिक संडास. पुरुषायच्या तीन खोल्या. टिनाची दारं. मधातल्या भिंती खालून वितभर मोकळ्या, पाणी वाहून जावं म्हणून. बाहेर एक बल्ब मिणमिणत होता, पाण्याची टाकी होती. माणूस कोणी नाही. गुलफाम पहिल्या खोलीत शिरला, कडी लावली.

बसला नाही तोच हीनाचा फोन. हीना त्याची घरवाली. अन यानं उचलला.

"हाँ, निकला हूँ... नहीं, मशीन एकदम मक्खन चल रही है... हाँ बाबा, दूध लेके आता हूँ..."

चालू झाला मोठमोठ्यानं.

तेवढ्यात बाजूच्या खोलीतून खोकला आला. एकच. खोल छातीतून.

गुलफाम वरमला. शेवटी लाज सगळ्यायलेच असते. "बाद में बोलता," म्हणून त्यानं फोन खिशात टाकला अन चूप बसला. आता संडासाची रीत तुमाले माहीत आहे. बाजूले कोणी असलं तरी ते नाही असंच समजायचं. ना हाक मारायची, ना इचारायचं. सख्खा भाऊ असला तरी बाहेर आल्यावरच बोलायचं. बरोबर न?

मंग बाजूच्या खोलीत फोन वाजला.

साधी रिंग, जुन्या बटनाच्या फोनची. वाजला, वाजला, बंद झाला. परत वाजला. परत बंद. तिसऱ्यांदा वाजला तवा गुलफामचं डोकं फिरलं. पोटात कळा, वरून हे.

"भाऊ, उचल न फोन. नाईतर बंद कर. कान फुटून राहिले."

रिंग चालूच.

"भाऊ..."

अन मंग आवाज आला. हळू. थकलेल्या माणसाचा.

"हात उचलत नाही माहा."

गुलफामले वाटलं, मस्करी करून राहिला. तर भिंतीखालून फरशीवर काहीतरी घासत आलं. खर्र... खर्र... निळा उजेड पडला त्याच्या पायाशी. फोनच होता. वाजत होता.

"तूच उचल," म्हणे.

तुमी उचलला असता? पण तो उचलून बसला. कशासाठी, तर आवाज बंद व्हावा म्हणून.

"बाबा?" पोरीचा आवाज. "बाबा, उचलला तुमी?"

आता काय सांगावं? तुह्या बापाले मी ओळखत नाही, तो संडासात बसला आहे, असं पोरीले सांगायचं का? गुलफामले शरम वाटली. तोंडाले आलं ते बोलून गेला.

"निघाले ते. येऊनच राहिले. दहा मिनिटांत पोचते घरी."

तिकडून श्वास तेवढा ऐकू येत होता. मंग पोरगी म्हणे, "खरंच?"

"हो."

अन मंग ती फोनमध्ये नाही, मागं वळून बोलली, "आई... दार उघड."

फोन कटला.

गुलफामनं तो भिंतीखालून परत सरकवला. "भाऊ, सांगतलं घरी. दहा मिनिटांत येता म्हणून. जा आता."

"सांगतलं?"

"हो न."

"...मंग जा लागते."

कडी सरकली. टिनाचं दार करकरलं. अन मंग काही नाही. पायाचा आवाज नाही... चप्पल नाही... काहीच नाही.

गुलफाम कसातरी आवरून बाहेर आला. हात धुतले. वळून पाहलं.

बाजूच्या दाराले आडवी फळी ठोकलेली होती. फळीवर कुलूप. कुलपावर कोळ्यानं जाळं केलेलं.

तो तसाच उभा राहला. मागून कोणीतरी बॅटरी मारली तवा तो ओरडलाच. चतुराबाई होती ती. संडासाची साफसफाई करे, मागच्याच खोलीत राहे.

"कोणाशी बोलत होता बाबू?"

"बाजूच्याशी," म्हणाला. इचार न करता.

चतुराबाईनं बॅटरी खाली केली. मंग सांगतलं.

डोमाजी नावाचा वायरमन होता. इथून तीन किलोमीटरवरच्या गावचा. मोटारीचे स्टार्टर सुधरवे. रात्री लाईन आली का साऱ्या शिवाराचे फोन त्याच्याच खिशात वाजे. माणसाले जेवू देत ना झोपू देत. सव्वा महिन्यामागं फाट्यावरून घरी जाताना तो या खोलीत शिरला, अन आतच त्याच्या छातीत कळ आली. फोन वाजत राहला. तीन घंटे वाजला. बाजूच्या खोल्यायमध्ये पाच जण येऊन गेले. पाचही जणायनं ऐकला. एकानं "उचल बे" म्हणून शिवी बी दिली. दार कोणी वाजवलं नाही.

"मी बी नाही वाजवलं," चतुराबाई म्हणे. "बसलेल्या माणसाले काय हाक मारायची, असं वाटलं. दार तोडलं तवा त्याचा हात त्या भिंतीखाली होता. इकडं, पहिल्या खोलीत आलेला. डॉक्टर म्हणे, घंटाभर आदुगर काढलं असतं तर जगला असता."

"अन फोन?"

"सापडलाच नाही बाबू."

काय किशोर? फोनची बॅटरी? हो, मी बी हेच इचारलं होतं त्याले. साधा फोन असला तरी सव्वा महिना कशी टिकन? गुलफाम माह्याकडं नुसता पाहत राहला.

एक सांगून ठेवतो, नाईतर इसरून जाईन. गुलफाम आता अकोल्याले राहते, पोरीजवळ. तो संडासात फोन नेत नाही. पण बंद दारामागं कोणाचा फोन दोनदा वाजून थांबला, का हा दार थापटते. "भाऊ, ठीक आहे न?" लोकं शिव्या देते. दिल्ल्या तर दिल्ल्या. एक जण तर बाहेर येऊन मारालेच धावलता. हा म्हणे, "मारो, पर बोले तो सही."

हं. तर फाट्यावर.

गुलफामनं मोटरसायकल चालू केली. उजवीकडं अमरावतीचा रस्ता, डावीकडं डोमाजीचं गाव. घरी हीना वाट पाहत होती. तरी तो डावीकडं वळला. मी इचारलं, काहून बे? तर म्हणे, "मामू, बात मेरे मुँह से गई न. कोणाच्या घरी दार उघडं ठेवून बसले असन. सांगाले नको का, का मी खोटं बोललो?"

कच्चा रस्ता. दोन्हीकडं तुरी. अंधार.

कुत्रे बसले होते रस्त्याच्या कडेनं. चार ठिकाणी भेटले. एकही भुकला नाही. हेडलाईट पडली तरी त्याच्याकडं कोणी पाहत नव्हतं. सारे कुत्रे त्याच्या पुढं पाहत होते. पुढच्या रस्त्याकडं. जसं आत्ताच कोणीतरी गेलं...

त्यानं गाडी हळू केली. जो पुढं आहे, त्याच्या जवळ जाऊ नये म्हणून.

गावात लाईन नव्हती. एकाच घराचं दार उघडं होतं. आत कंदील. दोघी मायलेकी दाराकडं तोंड करून बसलेल्या. डोमाजीची बायको मनकर्णाबाई, अन पोरगी जमुना, एकोणीस-वीस वर्षांची. मधात ताट वाढून ठेवलेलं.

गुलफाम दारातच उभा राहला. "फोन मीच उचलला बाई. मले माहीत नव्हतं. माफ करा."

जमुना रडाले लागली. "रोज रात्री लावते मी. रिंग जाते न... म्हणून लावते. आजच उचलला कोणीतरी."

"दार लावून घ्या बाई," गुलफाम म्हणे. "मी खोटं बोललो. कोणी येत नाही."

मनकर्णाबाई उठली नाही. रागावली बी नाही. एवढंच म्हणे, "पाच जण होते बाप्पा त्या दिवशी. कोणी इचारलं नाही. तुमी उचलला तरी." मंग म्हणे, "बसा."

तो बसला. भिंतीले टेकून.

कंदिलाची वात तेवढी फडफडे. भिंतीवर घड्याळ होतं... टकटक... टकटक... जमुनानं घड्याळाकडं पाहलं. गुलफामनं बी पाहलं. फोन ठेवल्याले किती वेळ झाला, ते कोणीच इचारलं नाही.

गोठ्यातली गाय उठून उभी राहली.

बाहेर, दाराच्या बाजूले, पाणी सांडल्याचा आवाज आला. थोडं. थांबून... परत थोडं.

मनकर्णाबाईनं पोरीचा हात धरला.

"आई..."

"चूप."

पाणी थांबलं.

दारात कोणी नव्हतं. उंबरठ्यावर नुसता अंधार. गुलफाम म्हणे, त्या अंधाराले जरा वेळ पुढं यावं का नाही, असं झालतं... मंग तो अंधार साधा झाला. गाय खाली बसली.

तेवढ्यात लाईन आली. साऱ्या गावात एकदम. अंगणातला बल्ब लागला. दूर वावरायमध्ये मोटारी गुरगुरल्या.

ताटातलं एक शीत बी हाललं नव्हतं. गुलफामचा जीव भांड्यात पडला. तो उठला, निघावं म्हणून दाराबाहेर आला.

दाराजवळ हातपाय धुवाचा दगड असते न, बाहेरून आलेला माणूस आदुगर जिथी जाते... त्या दगडावर साबणाचा फेस होता. ताजा. पांढरा.

घरातून सांजेपासून कोणी बाहेर आलं नव्हतं.

तिघंही पाहत राहले. एक एक बुडबुडा फुटत होता...