तुरेवाले आणि पद्मजाताई

ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आलेल्या त्या पत्राला शशिकांत दातारांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नाही. उत्तर चार वेळा लिहून झालं होतं, पण प्रत्येक वेळी ते मायन्यापाशीच अडत होतं.

पत्र लिहिणारी पद्मजा त्यांना भेटली ती एप्रिलमधल्या एका ओल्या दुपारी, इलिनॉयमधल्या शॉमबर्गच्या एका लायब्ररीत. मुलांना प्राणी दाखवायचा कार्यक्रम होता आणि शशिकांत आपली काचेची टाकी घेऊन कोपऱ्यात बसले होते. टाकीत तुरेवाले न्यूट होते. दिसायला पालीसारखे, पण कुळ बेडकांच्या जवळचं. शशिकांतांचं आयुष्य एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं होतं. तिथल्या एका प्राध्यापकांनी निवृत्त होताना हे प्राणी त्यांच्या ओंजळीत दिले, तेव्हापासून घराच्या थंड बेसमेंटमध्ये ते त्यांची पैदास करत होते. माणसांशी काय बोलावं हे त्यांना कधी सुचायचं नाही. म्हणून आत्ताही ते हळूच न्यूटशीच बोलत होते.

"अरे, पानामागून बाहेर ये की. लोक बघायला आलेत."

"त्याला मराठी समजतं?"

समोर साठीची एक बाई उभी होती. पाऊस लागला म्हणून आत शिरलेली, हातातली छत्री गळतेय, डोळ्यांत हसू.

"थोडं... थोडं समजत असावं," शशिकांत म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

तेवढ्यात नर खरंच बाहेर आला. पाठीवर करवतीसारखा तुरा, शेपटीवर चांदीची रेघ. हा तुरा वसंतात येतो, मादीला दाखवण्यापुरता, असं शशिकांतांनी टाकीकडेच बघत सांगितलं. नंतर? नंतर विरून जातो... हिवाळा नीट थंड मिळाला तर पुढच्या वसंतात पुन्हा येतो.

"मग काळजी नाही," ती म्हणाली. "इलिनॉयमध्ये थंडीला काय तोटा!"

पुढच्या शनिवारी ती बेसमेंटमध्ये आली, आणि त्याच्या पुढच्याही. निवृत्त फार्मसिस्ट, त्यामुळे हात स्थिर, नजर बारीक. मादी मागच्या पायांनी पानाची घडी घालते आणि प्रत्येक घडीत एकच अंडं ठेवते, हे पाहून ती किती तरी वेळ काचेला नाक लावून बसली. मोठे न्यूट अंडी खातात, म्हणून ती पानं खुडून वेगळ्या टाकीत ठेवायचं काम तिने आपणहून घेतलं. शशिकांत गांडुळांचे तुकडे करत आणि मधूनच म्हणत, "ताई, जरा तो चिमटा..."

"मला तीन सख्खे भाऊ आहेत, शशिकांतराव," एकदा ती म्हणाली. "जागा भरलेली आहे."

शशिकांतांनी चष्मा पुसला. परक्या बाईला ताई म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही, म्हणून आयुष्यभर ते सगळ्यांना ताई म्हणत आले होते. हा शब्द काढला तर तिथे कुठला घालायचा?

मे महिन्यात अंडी पांढरी पडू लागली. एक, मग चार, मग जवळजवळ अर्धी. पद्मजा हातातलं पान तसंच धरून उभी राहिली. माझे हात गरम होते का, मी घडी उघडून बघायला नको होती का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. शशिकांत म्हणाले, या जातीची अर्धी अंडी जातातच. कितीही जपा. जन्मतःच तसं असतं.

"तुमची काही चूक नाही."

तिने पान हळूच टाकीत ठेवलं. मग पानाकडे बघत म्हणाली, "आमचे हे गेले, तेव्हा हे वाक्य मला कुणी म्हटलं नाही. मी स्वतः औषधं देणारी ना..."

तिचा हात टाकीच्या कडेवर होता. शशिकांतांचा हात वीतभर अंतरावर. तो सरकला असता... पण ते म्हणाले, "पाणी बदलायला हवं, ताई."

पद्मजा हसली, ओल्या डोळ्यांनीच. मोठ्या टाकीत नर मादीसमोर शेपटी थरथरवत उभा होता. "तो बघा. हात लावत नाही कधी," ती म्हणाली. "पण निदान सांगतो तरी."

उरलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली, आणि जूनमध्ये ती लेकीकडे, राधिकाकडे, टेक्सासला गेली. उन्हाळ्यापुरतीच. आणि ऑगस्टमध्ये पत्र आलं. 'राधिका म्हणते, शॉमबर्गचा फ्लॅट विकून टाक, इथेच राहा. ऑक्टोबर संपता संपता एजंटशी बोलायचं ठरलंय. मी म्हटलं, माझी पिल्लं तिकडे आहेत. ती हसली. तुम्हाला काय वाटतं? म्हणजे... पिल्लांना काय वाटतं?'

शशिकांतांनी पिल्लांची लांबी लिहिली, पाण्याचं तापमान लिहिलं, पानंच्या पानं लिहिली. मग वर मायना लिहायला घेतला. 'श्रीमती' लिहिलं की ती फार लांब जायची. 'पद्मजाताई' लिहिलं की पेन थांबायचं. तिसरा शब्द त्यांना ठाऊक होता. पण आपल्यासारख्या माणसाने तो लिहावा का? ती हसली तर? कागद पुस्तकात जात होते, पुस्तकं कपाटात.

ऑक्टोबरच्या एका सकाळी ते खाली गेले. पिल्लांचे पिसांसारखे कल्ले केव्हाच आक्रसत आले होते. आणि आज त्यांतलं एक, पद्मजाने खुडलेल्या पानातलं, पाण्यातून हळूहळू वर येत होतं. पुढचा एक पाय बुचाच्या तुकड्यावर टेकला. मग दुसरा. थांबलं. आणि अख्खं अंग ओढून, काळं, ओलं, ते कोरड्यावर बसलं आणि श्वास घेऊ लागलं.

"पद्मजा, बघ!"

शशिकांत आपल्याच आवाजाने दचकले. वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

ते तसेच वर गेले. हात न धुता कागद घेतला.

'प्रिय पद्मजा,

तुमचं पहिलं पिल्लू आज पाण्याबाहेर आलं. त्याला काय वाटतं ते मला कळत नाही. मला वाटतं, तुम्ही यावं. फ्लॅट विकू नका. आणि विकलाच, तरी या.

शशिकांत'

कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपाशी बारीक पाऊस सुरू झाला. छत्री घरीच राहिली होती. त्यांनी पाकीट कोटाखाली धरलं, बाहेर काढलं, पत्ता पुन्हा वाचला... आणि सोडलं. झाकण खणकन मिटलं. चार पावलं जाऊन ते परत आले, झाकण उघडून आत पाहिलं.

पत्र खाली गेलं होतं.