येताना किती जण?

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत, तीन वर्षांपूर्वी, एका गुरुवारी... आणि तेही भर दुपारी.

मामा विमान चालवायला शिकवतो. किनाऱ्याजवळच्या छोट्या धावपट्टीवर त्याचं एका इंजिनाचं, चार सीटचं विमान असतं. भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यांत आधी हसणार तो.

त्याची थोरली बहीण म्हणजे माझी मावशी. तिचे यजमान समुद्रातल्या तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर क्रेन चालवायचे. त्या गुरुवारच्या चार वर्षं आधी, वादळात पाण्यात पडले.

सापडले नाहीत.

मावशी रडली नाही, की कुणाशी धड बोलली नाही. एकदाच म्हणाली, "मला ती जागा बघायची आहे रे."

बाहेरच्या माणसाला तिथे पाऊल ठेवू देत नाहीत. मामा म्हणाला, "पाऊल कशाला ठेवायचं, ताई? वरूनच दाखवतो."

बुधवारी दुपारी त्याने मावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती लाल वर्तुळ, त्याच्या आत शिरायचं नाही. हेलिकॉप्टरच्या वाटा टाळायच्या. तिथे जादा गॅस जाळतात, त्या ज्वाळेपासून लांब राहायचं. इंजिन बंद पडलं तर काय, तेही लिहिलं. इंधन, वजन, दोन लाइफ जॅकेट.

मग हेलिकॉप्टरच्या वेळा विचारायला त्याने प्लॅटफॉर्मच्या रेडिओ रूमला फोन लावला.

बराच वेळ रिंग वाजत राहिली...

शेवटी कुणीतरी उचलला. पुरुषाचा आवाज. पातळ, तरुण. मागे वारा घोंघावत होता. माणूस खोलीत नाही, उघड्यावर उभा असल्यासारखा.

"साडेअकरानंतर या. त्याआधी धुकं आहे."

"उद्याचं धुकं आजच दिसतंय होय तुम्हाला?" मामाने थट्टा केली.

तिकडे कुणी हसलं नाही.

"किती जण?"

"दोघं."

"आणि येताना?"

"जाताना दोघं, तर येतानाही दोघंच की!"

नुसता वारा...

मग आवाज आला. अगदी कानाशी.

"मागे जागा आहे ना?"

फोन कट झाला.

"काय म्हणाले?" मावशीने विचारलं.

"साडेअकरानंतर या म्हणाले." बाकीचं मामाने गिळलं.

गुरुवारी सकाळी समुद्रावर धुक्याची भिंत उभी होती. मामा घड्याळाकडे बघत बसला.

बरोब्बर साडेअकराला धुकं विरलं.

उड्डाण झालं. प्लॅटफॉर्म दिसू लागला तसं मामाने रेडिओवर कळवलं. एका बाईंनी उत्तर दिलं. "तुम्ही येणार हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"काल फोन केला होता. एका तरुणाने घेतला."



"इथे रेडिओवर आम्ही दोघी बायकाच असतो. आणि फोन सोमवारपासून बंद पडलाय."

मामाला वाटलं, इथूनच मागे फिरावं. पण इथवर येऊन ताईला काय सांगणार? बाईंनी लांबून फिरायला परवानगी दिली.

पिवळी क्रेन दिसली. तिच्याखाली काळं पाणी. मावशी काचेला हात लावून बघत राहिली. दुसऱ्या फेरीला हळूच म्हणाली,

"चला. घरी चला आता."

मामा चपापला. धाकट्या भावाला ती जन्मात कधी 'चला' म्हणाली नव्हती...

त्याच क्षणी विमानाचं शेपूट दबलं.

मागे कुणी येऊन बसावं, तसं.

वारा असेल, म्हणून त्याने विमानाचं नाक सावरलं. पण खाली समुद्र आरशासारखा होता. वारा कुठला?

मग मागून आवाज आला...

खट्.

सीटबेल्ट लागल्याचा.

मामा मान वळवणार, तोच मावशीने त्याचा दंड धरला. "बघू नकोस. चालव तू." चार वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "हे आलेत."

मामाने नजर समोरच ठेवली. दाजींचा आवाज त्याने वीस वर्षं ऐकला होता. घोगरा, भरदार.

फोनवरचा आवाज दाजींचा नव्हता.

धावपट्टीवर उतरल्यावर मागची सीट रिकामी होती. मावशी मात्र सावकाश गाडीपाशी गेली. मागचं दार उघडून क्षणभर थांबली. मग हलकेच लावलं.

तेव्हापासून मावशी बरी आहे. जेवते, गुणगुणते, शेजारणींशी बोलते. सगळे म्हणतात, सावरली बिचारी. मामा सामान पोचवायला जातो, पण उंबरठा ओलांडत नाही. फोनवरच्या आवाजाचं त्याने तिला सांगितलेलं नाही. तिचं हसू हिरावून घ्यायचं कसं?

गेल्या महिन्यात मात्र राहवलं नाही. पायरीवर उभं राहूनच त्याने विचारलं, "ताई... आत दाजीच आहेत ना?"

"मग दुसरं कोण असणार?"

ती आतल्या खोलीकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली,

"फक्त अजून माझ्याकडे तोंड करून बसले नाहीत रे..."