दह्याला तिसऱ्यांदा नकार

इराणातल्या आमच्या हमदानच्या बाजारात वसंतात मेंढीचं दही येतं आणि बघता बघता संपतं. त्या दिवशी फळीवर शेवटचं एकच गाडगं उरलं होतं. मी हात घातला… आणि पलीकडून एका तरुणाचाही हात आला.

"तुम्ही घ्या ना, खानम," तो अदबीने म्हणाला.

"छे! तुमचा हात आधी पोचला. तुम्हीच घ्या."

"शक्यच नाही. तुमच्यासमोर मी कसं नेऊ?"

"मग मी तरी कशी नेऊ?"

आमच्याकडे रीतच तशी आहे. आम्ही एकमेकांना आग्रह करत असताना एका बाईंनी गाडगं उचललं, पैसे ठेवले आणि त्या निघूनही गेल्या. आम्ही दोघं रिकाम्या फळीकडे बघत राहिलो. मग तो जो हसायला लागला… मलाही आवरेना. त्याचे डोळे तपकिरी होते. माझं आपलं उगाच लक्ष गेलं.

त्याचं नाव सियामक. पुढच्या गल्लीत त्याचं चष्म्यांचं दुकान होतं.

"आता घरी काय सांगणार?" त्याने विचारलं.

"सांगायचं काय? मी घरी विरजण लावते. रात्रीच्या जेवणात पुदिना नि गुलाबपाकळ्या घालून वाटीभर दही खाल्लं, की सकाळी पोट कसं हलकं! बीबी, म्हणजे माझी आजी, तर म्हणते, दही खावं ते रात्रीच. तुम्ही कधी खाता?"

तो जरा अडखळला. "मी… रात्रीच. रात्रीच उत्तम."

पुढे महिनाभर माझे डोळे ठणठणीत असूनही मला चष्म्यांच्या दुकानावरून जावं लागलं. कधी तो दारात उभा असायचा, कधी मुद्दाम काच पुसत असायचा. एके दिवशी फडकं तसंच हातात धरून म्हणाला, "आईला घेऊन येऊ का… तुमच्याकडे?"

"या की," म्हणाले आणि वळून अशी पळाले की भाजीची पिशवी तिथेच राहिली.

ते संध्याकाळी आले. फुलं, मिठाई, सगळं रीतीप्रमाणे. बीबीने त्यांना जेवायलाच बसवलं. मी माझ्या हातचं दही त्याच्यापुढे ठेवलं.

"नको, खूप झालं."

पहिला नकार कुणी धरतच नाही. मी वाटी पुढे सरकवली.

"खरंच नको."

दुसराही तसाच, शिष्टाचाराचा. मी हळूच म्हटलं, "मी स्वतः लावलंय. एक चमचा तरी…"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा पार उतरलेला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "माफ करा. नको."

तिसऱ्यांदा नाही म्हणजे नाहीच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बाबांनी घसा खाकरला. त्याची आई मात्र दुसरी वाटी मागून घेत होती… "काय कवडीदार लागलंय गं पोरी!" म्हणजे आईला मी पसंत आणि मुलाला नाही? मग तो सारखा माझ्याकडे का बघत होता? आणि मी पाहिलं की मान का खाली घालत होता? मला काही म्हणजे काही कळेना. मागणीचा शब्द न काढताच ते उठले.

"दह्याला नाही म्हणणारा माझ्या नातीला काय हो म्हणणार!" बीबी फणकारली. मी उशीत तोंड खुपसून रडले. मला तो आवडत होता. खूप.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं असताना दार वाजलं. बघते तर सियामक, एकटाच, घामाघूम!

"कालचं दही… उरलंय का?"

"कशाला? काल तीनदा नाही म्हणालात ना?"

"दह्याला म्हणालो! मला रात्री दही बाधतं, फरंगीस. एक चमचा जरी खाल्ला ना, तरी रात्रभर पोट धरून बसतो. दुपारी मात्र गाडगं संपवीन."

"बाजारात तर म्हणालात, रात्रीच उत्तम!"

"मग काय, पहिल्याच भेटीत तुमच्या बीबीला खोटं पाडू? आणि काल तुमच्या बाबांसमोर पोटाचं रडगाणं गाऊ? सगळ्यांचे चेहरे बघून आईचीही पुढे बोलायची हिंमत झाली नाही."

मला हसावं की याला बदडावं, ते समजेना. मी मुकाट्याने वाटी आणली. तो उंबऱ्यातच बसला आणि रोटीने निपटून सगळं दही संपवलं. मिशीला दही तसंच लागलेलं.

"फरंगीस… माझ्याशी लग्न—"

"हो."

"अहो, मला पुरतं विचारू तरी द्या!"

पडद्याआडून बीबी ओरडली, "कार्टे, पहिल्याच वेळेला हो म्हणतात का? जरा आढेवेढे घे!"

"नाही हं, बीबी," मी म्हटलं. "मी आढेवेढे घेतले, तर हा खरंच घरी जाईल."