कॅप्टनची पाच रूपं

"अहो, उघडू नका!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की खेळण्यांच्या दुकानातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. ज्याच्यावर ओरडले तो मात्र खोक्याच्या झाकणात नख घालून तसाच थबकला. उंच, कानामागे पेन्सिल, जॅकेटच्या बाहीवर लाकडाचा भुसा.

"विकतच घेतोय मी," तो म्हणाला. "चोरत नाहीये."

"चोरा हवं तर... पण खोकं फाडू नका. खोकं गेलं की आतल्या फिगरची अर्धी शान गेली."

तो हसला. पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे माणसाचे दात आधी दिसतात मला. हा दात सरळ करावासा वाटला नाही, हे मात्र पहिल्यांदाच घडलं.

त्याच्या दोन्ही हातांत एकच बाई होती... मोठ्या डोक्याची, काळ्याभोर टपोऱ्या डोळ्यांची, व्हिनाइलची चिमुकली अंतराळ-कॅप्टन.

"धाकट्या बहिणीनं सांगितलंय, अंधारात चमकणारी आण," तो म्हणाला. "मला तर ह्या जुळ्या वाटतात."

"जुळ्या कसल्या? हिचं हेल्मेट बघा, दुधाळ आहे, हिरवट झाक आहे. तिचं पांढरंशुभ्र."

"दोन्ही पांढरीच आहेत की."

"पांढऱ्याच्या सोळा छटा रोज जुळवते मी. तुमच्या हातातली ही डावी चमकणार. लावता पैज?"

"भर दुपारी अंधार कुठून आणू?"

"आधी तिला पोटभर उजेड पाजा."

त्यानं खोकं काउंटरवरच्या दिव्याखाली धरलं. मग जॅकेट काढून सरळ आमच्या दोघांच्या डोक्यांवर घेतलं. आत ताज्या लाकडाचा वास होता, आणि खोक्याच्या खिडकीत एक इवलंसं हिरवं हेल्मेट हळूच उजळलं.

"चमकली..." तो पुटपुटला.

"तुम्ही बघताय कुठे? कॅप्टन इकडे आहे."

"हो... आहे ना."

मी जॅकेटबाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. पैज मी जिंकले होते, त्यामुळे मान ताठच ठेवली. त्यानं पेन्सिल काढली, बिलाच्या मागे आपला नंबर लिहिला आणि म्हणाला, "सुतारकाम करतो. कधी लागलंच तर."

आणि लागलंच!

वहिनीला सातवा महिना लागला होता. दादा-वहिनीला मोठी खोली द्यायची आणि मी लहान खोलीत जायचं, असं घरात ठरलं. मी आनंदानं हो म्हटलं. पण अशाच खोकीबंद माझ्या दोनशे बारा फिगर्स? आत्या म्हणाली, "ह्या वयात बाहुल्या! निम्म्या तरी वाटून टाक." पहिल्या पगारापासून एकेक शोधून जमवलेल्या होत्या त्या. कुठली कुठे मिळाली, सगळं तोंडपाठ होतं मला. एकही हलणार नव्हती.

मी नंबर फिरवला.

तो दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हजर. भिंत मोजली, कोपरा मोजला... मग म्हणाला, "आता तुमच्या मंडळींची मापं सांगा."

मी ऐटीत सांगितली. साध्या चार इंची, मोठ्या सहा इंची, जम्बो दहा इंची, आणि सगळ्यांत थोरली अठरा इंची. त्यानं सगळं वहीत टिपून घेतलं. आठवडाभर तो काही ना काही विचारायला येत राहिला. लाकडाचा रंग, कडेची गोलाई... फोनवर भागलं असतं. मीही तसं सुचवलं नाही.

"एकच कॅप्टन पाचदा का?" एकदा त्यानं विचारलं.

"ही साधी. ही चमकणारी. ही धातूच्या रंगाची, हिच्या अंगावर मखमल आहे, आणि ही पारदर्शक. आणि रुसतात बरं का, एकीला दुसरी म्हटलं की."

"मालकिणीसारख्या?"

"मालकीण रुसली तर महागात पडेल."

शेल्फ आलं. सुंदर होतं... सांधे कुठे जुळलेत ते शोधूनही सापडेना. मी पहिलं खोकं उचललं आणि आत सरकवायला गेले. जाईना. दुसरं. तेही जाईना! मी सांगितलेली उंची आतल्या बाईची होती, तिच्या खोक्याची नव्हती. साध्या फिगरचं खोकंच सव्वासहा इंच.

मला हसू फुटलं. दादाही हसला. मग दोघं पोट धरून हसलो. तो मात्र लाल झाला.

"माझं माप चुकत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "मला जे सांगितलं, ते तंतोतंत केलं."

"एवढी खोकी समोर रचलेली होती. एकदा टेप लावायचा होता की!"

"तुम्हाला सगळं येतं असं वाटलं मला."

ते लागलं मला. त्यानं शेल्फ उचललं आणि गेला.

आठ दिवस फोन नाही. मीही केला नाही. चूक माझीही होती, हे कळत होतं. पण आधी मी का बोलू? लॅबमध्ये एका दाताची छटा चुकले... सात वर्षांत पहिल्यांदा. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं नुसतं.

नवव्या दिवशी रविवार होता. आत्या आलेली, आई-वहिनी समोर बसलेल्या, आणि दारात तो. मागे टेम्पोत नवं शेल्फ.

"त्या दुकानात जाऊन बसलो होतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "प्रत्येक साइजचं खोकं मोजलं. जम्बोचं वेगळं, थोरलीचं वेगळं. खोकं काढता यावं म्हणून वर बोटभर जागा ठेवलीय. चूक माझी होती. टेप मीच लावायला हवा होता."

"मीही हसायला नको होतं," मी म्हणाले. "आणि मला सगळं येत नाही."

शेल्फ भिंतीला लागलं. एकेक खोकं जागच्या जागी अलगद बसत गेलं. भिंत उजळली. वरची फळी तेवढी तो शिडीवर चढून कसत होता. आई दोनदा येऊन हात फिरवून गेली. आत्या मात्र कॅप्टनच्या रांगेपुढे थांबली.

"पाच एकसारख्या! एक ठेव आणि चार दे कुणाला तरी."

मी तोंड उघडणार तोच शिडीवरून आवाज आला.

"एकसारख्या नाहीत त्या, आत्या. ही दुधाळ हेल्मेटची आहे ना, ती अंधारात चमकते. हिच्या अंगावर मखमल आहे, म्हणून हिला उन्हापासून लांब ठेवलंय. आणि ही पारदर्शक... अशी हजारांत एखादीच निघते. ह्यांनी चार वर्षं शोधलीय ती. दुकानदारसुद्धा खरी-खोटी ओळखायला ह्यांना फोन करतो. अशी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही."

चार वर्षांचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं... दुकानदाराला विचारून आला होता. माझ्या घरात, माझ्या माणसांसमोर, माझ्याविषयी एवढ्या अभिमानानं आजवर कुणी बोललं नव्हतं.

आत्यानं चष्मा सारखा केला. "आणि तू रे कोण हिचा? सुतार ना?"

"सुतारच," तो म्हणाला, आणि हातातल्या स्क्रूकडे बघत राहिला.

मी वर पाहिलं. आठ दिवस जपलेला माझा हेका... मी तो सोडून दिला.

"सुतार आहे, आणि फार चांगला आहे," मी म्हणाले. "पण आत्या, तेवढंच नाही. मला आवडतो तो."

स्क्रू टणकन खाली पडला. वहिनीनं तोंडाला पदर लावला. तो दोन पायऱ्या एकदम उतरून माझ्यासमोर उभा राहिला. पुढचा तो चढलेला दात पूर्ण दिसत होता.

"हे मी सांगणार होतो..." तो म्हणाला. "वरची फळी संपली की."

"मग सांग ना. कोण अडवतंय?"

"आवडतेस मला. खूप. तुझ्या सगळ्या साइजसकट."

"इकडे ये जरा," आत्या त्याला म्हणाली, "उजेडात. नीट बघू दे."

तो खिडकीशी गेला आणि ताठ उभा राहिला. मीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सगळ्यांनी बघावं, खुशाल बघावं, असंच वाटत होतं मला.