परतनी

अड्याळच्या बाजारचौकात महिला बचत गटांचा खाद्यमेळा भरला होता. हवालदार शुभांगी बंदोबस्ताला होती. फिरता फिरता एका टेबलासमोर ती थबकली.

पातेल्याला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर खडूनं एकच शब्द लिहिला होता. परतनी.

हे नाव तिच्या घराबाहेर तिनं कधीच ऐकलं नव्हतं. तलावातली ढेस, म्हणजे कमळाची मुळं, लाखोळीच्या डाळीत शिजवायची, अंबाडीनं आंबट करायची आणि वरून भाजलेल्या जवसाची पूड पेरायची. तिची आजी आनंदाबाई हे करत असे. आजीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

तिनं द्रोण घेतला. पहिलाच घास तोंडात घातला. चव तीच होती.

"कोण्या गावचा गट?"

"तुमसरकडल्या चिखल्याचा. खाणीच्या कॉलनीतल्या आम्ही," टेबलामागची बाई म्हणाली. तिचं नाव ललिताबाई.

"हे कोणी शिकवलं तुमाले?"

"सासूनं. शकुनबाईनं."

शुभांगीनं द्रोण खाली ठेवला. शकुन. तिच्या वडिलांची बहीण. शुभांगीच्या जन्माआधी बाजाराला म्हणून गेली ती आलीच नाही. घरात ते नाव कोणी घेत नसे.

"सासूचं माहेर कोणतं?"

"गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं म्हणे. मी तर पाहिलंच नाही."

"अन् हे कधी करते ती?"

"पितृपक्षात. तिच्या मायच्या नावानं नैवेद्य काढते. माह्या लग्नाच्या आधीपासून. आता पोरगी दहावीत आहे माही."

शुभांगीनं मनात वर्षं मोजली. ललिताबाईच्या लग्नाच्या वेळी आनंदाबाई धडधाकट होती. मग तिच्या नावानं नैवेद्य कोणाला जात होता?

ड्यूटी संपल्यावर तिनं स्कूटी पुनर्वसनाच्या गावाकडे, आपल्या गावाकडे वळवली, पण घरी न जाता थेट सीताबाईच्या दारात उभी केली. सीताबाई म्हणजे आजीची जन्माची मैत्रीण. जुनं गाव बुडालं तेव्हा दोघी एकाच ट्रॅक्टरवर बसून इकडे आल्या होत्या.

"आजी, परतनीले परतनी काहून म्हणतात?"

सीताबाई चमकली. "आज कसं आठवलं तुले?"

"तेल नाही, फोडणी नाही. परतत तर काहीच नाही तिच्यात."

"भाजी परततात म्हणून नाव नाही ते, बाई." म्हातारीनं पदरानं डोळे टिपले. "आधी आम्ही साधं ढेस-लाखोळीच म्हणो. शकुनच्या लय आवडीचं. पोरगी गेल्यावर आनंदाबाईनं हे नाव ठेवलं. म्हणे, पोरगी परतन तवाच मी हे खाईन. दर साली करे, एक ताट झाकून ठेवे, अन् सकाळी गाईले घाले. तिनं स्वतः कधी तोंडाले लावलं नाही."

"आत्याले शोधलं कोणी?"

"तुह्या बापानं. धानाच्या ट्रकवर बसून तुमसरकडं जाये. माय डबा बांधून दे. म्हणे, पोरगी भेटली तर उपाशी असन. हा कायमच खाली हातानं परत ये."

शुभांगी उठली. आता एकच दार उरलं होतं, आणि ते तिच्या स्वतःच्या घराचं होतं.

बाप तुलाराम पडवीत बसून विळ्याला धार लावत होता. शुभांगी टोपी काढून समोर बसली.

"बाबा, शकुन आत्या कोठी आहे?"

विळा दगडावर थांबला. "आज काय काढून राहिली तू हे? कोणाले माहीत?"

"तुमाले माहीत आहे. आज चिखल्याची एक बाई मेळ्यात परतनी विकत होती. तिची सासू शकुनबाई."

"असन कोणी दुसरी."

"आधी मलेही तसंच वाटलं. पण नुसती भाजी असती तर मी मानलं असतं. ढेस अन् लाखोळी तर ती माहेराहून शिकून गेली होती. नाव कसं गेलं, बाबा? ते नाव आजीनं ती गेल्यावर ठेवलं. तिच्यासोबत ते जाऊच शकत नव्हतं. मागाहून कोणीतरी नेलं."

तुलारामनं विळा बाजूला ठेवला.

"घरातून त्या बाजूला एकच माणूस जात होता. हातात मायनं दिलेला डबा घेऊन. तुमाले ती भेटली होती. तिनं डबा खाल्ला, विचारलं हे काय आहे, अन् तुम्ही नाव सांगितलं. काहून ठेवलं ते नाही सांगितलं."

"शुभे…"

"अजून आहे. तिकडं ती कितीक वर्षांपासून मायच्या नावानं नैवेद्य काढून राहिली. आजी जिती होती तवापासून. तिले कोणीतरी सांगितलं की माय गेली. घर तुमालेच माहीत होतं तिचं. इकडं मायले सांगितलं पोरगी भेटत नाही, तिकडं पोरीले सांगितलं माय मेली. दोनदा लबाडी, एकाच माणसाची. तुमची."

त्यानं दगडावरचं पाणी बोटानं पुसलं. मग म्हणाला, "खाणीतल्या परजातीच्या पोरासोबत गेली होती ती. तुह्या आजोबानं सांगितलं होतं, जो तिचं नाव घेईन त्याले घर बंद. माह्या लग्नाची बोलणी चालू होती. ती भेटली तवा म्हणाली, दादा, मायले भेटाले येतो. ती आली असती तर तुह्या मायकडच्यांनी लग्न मोडलं असतं. म्हणून तिले सांगून देल्लं, माय गेली. वाटलं, लग्न झालं की खरं सांगीन. मग तू झाली. मग आजोबा गेले. अन् मग सांगाचं कसं?"

शुभांगीनं टोपी उचलली. ज्या लग्नासाठी हे सारं झालं, त्या लग्नाची ती मुलगी होती.

"उद्या चिखल्याले जाऊ," ती शेवटी म्हणाली. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगाल."

दुसऱ्या दिवशी खाणीच्या कॉलनीतल्या क्वार्टरसमोर शकुनबाई शेंगा सोलत बसली होती. भावाला पाहून ती उठली, पण त्याचा चेहरा बघून पुन्हा बसली. तुलारामनं मान खाली घालूनच सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत ऐकत राहिली.

"माय गेली कधी मग?"

"सहा वर्षं झाली."

"म्हणजे मी जित्या मायले नैवेद्य दाखवत होतो." तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अन् माय? ती काय समजे?"

तुलारामनं शुभांगीकडे पाहिलं. शुभांगी म्हणाली, "तुम्ही याल म्हणून ताट काढून ठेवे."

शकुनबाई रडली नाही. तिनं सुनेला हाक मारली. "ललिता, याले पाणी दे. दुरून आला."

तुलाराम पाणी प्यायला.

"आता जाय, दादा," ती म्हणाली. "पोरीले राहू दे. मले मायचं ऐकाचं आहे."

तो उठला. फाटकाशी क्षणभर थांबला. कोणी बोलावलं नाही, तेव्हा स्टँडकडे चालू लागला.

शकुनबाईनं चटईवर शुभांगीला जागा करून दिली. "म्हातारपणी कशी होती माय?"

"शेवटी शेवटी ऐकू कमी ये," शुभांगी म्हणाली. "मग ती दाराशीच बसे. कोणी आलं गेलं तर दिसलं पाहिजे म्हणे."

शकुनबाईनं तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि मग तिला रडू फुटलं.